हात कोणी धरला

पुस्तिका लिहायचं काम शाळेनं नुअनला दिलं ते ती तिथेच शिकलेली म्हणून तर खरंच, पण त्याहून जास्त ती प्रत्येक गोष्ट दोनदा तपासते म्हणून. गॅस बंद केला का ते बघायला निम्म्या जिन्यावरून परत फिरणारी, मुलीच्या दप्तरात पाण्याच्या दोन बाटल्या घालणारी, कारण एक सांडली तर, आणि पालकांच्या ग्रुपवर प्रत्येक सूचनेखाली 'म्हणजे नक्की किती वाजता?' असं विचारणारी बाई म्हणून ती सगळ्या शाळेत ओळखली जायची. मुख्याध्यापक म्हणाले होते, या बाईच्या हातून एक तारीख चुकली तर मी नदीत उडी मारेन. थायलंडातल्या फेचबुरीची नदी ऑगस्टात चांगली भरून वाहते, पण मुख्याध्यापकांना पोहता येत होतं.

सप्टेंबरअखेर शाळेतले दोघं जण साठ पूर्ण करून निवृत्त व्हायचे होते. एक गणिताचे सर आणि दुसऱ्या संगीताच्या ख्रू साययुत. शिक्षकाला तिकडे सगळे ख्रूच म्हणतात. निवृत्तीच्या समारंभात पाहुण्यांना वाटायला एक पुस्तिका छापतात, तिच्यात जन्म कुठला, शिक्षण काय, कुठे कुठे नोकरी केली, काय काय मिळवलं, असं सगळं येतं. गणिताच्या सरांनी आपली हकिगत क्रमांक घालून, टाइप करून, दोन प्रतींत आणून दिली. वर विचारलं, तिसरी हवी का?

ख्रू साययुतकडे मात्र नुअन तीनदा जाऊन आली तरी एक रकाना रिकामाच राहिला.

बाकीचं त्या भरभरून सांगायच्या. संगीताच्या खोलीत खिडकीशी त्यांचं जुनं शिवणाचं मशीन होतं. त्यावर मृदंगाची खोळ शिवता शिवता त्या बोलायच्या आणि नुअन लिहून घ्यायची. वडील ताडाच्या झाडांवर चढून रस काढायचे. आई त्याचा गूळ करायची. साययुतनं शिवणकामाची पदविका घेतली आणि सव्विसाव्या वर्षी या शाळेत मुलींना काजं-बटणं शिकवायला आली. सहा महिन्यांनी संगीताचे सर बदली घेऊन गेले ते गेलेच. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी वेळापत्रक पाहिलं, हिचे आठवड्याचे चार तास मोकळे दिसले आणि म्हणाले, तुझे पाय मशीनवर अगदी तालात चालतात, तेव्हा संगीत तू घे.

"आणि तुम्ही घेतलंत?" नुअननं विचारलं होतं.

"नाही म्हणता येतं हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं," ख्रू साययुत म्हणाल्या. "कळलं तोवर चौतीस वर्षं झाली."

या चौतीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता अग्निशमन दलात होती, दवाखान्यात होती, बाजारात मासे विकत होती, आणि कुठल्याही देवळातल्या जत्रेत वाजवणाऱ्यांपैकी एखादा आजारी पडला तर त्यांच्यातलं कुणीतरी हात पुसत पुसत येऊन त्याच्या जागी बसायचं. शिकवायच्या त्या शिवणाच्याच भाषेत. 'इथे टाका सुटला.' 'ही ओळ सैल पडली, दोरा ओढ.' 'शेवट असा उघडा सोडू नकोस, दुमडून घे.' रनात या वाद्याच्या लाकडी पट्ट्यांवर कुठून कुठे जायचं ते शिंप्याच्या खडूनं आखून द्यायच्या. हे सगळं नुअननं लिहिलं. तिचा हात त्या रकान्याशी आला की ख्रू साययुतना काहीतरी आठवायचं. एकदा नळ सुरू राहिला होता. एकदा मुलांना सोडायचं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी डबा उघडून मोकेंगची वडी पुढे केली आणि म्हणाल्या, ते मग लिहू, आधी हे खा, गरम आहे.

त्या रकान्याचं नाव होतं: 'हात कोणी धरला.'

संगीत शिकवणाऱ्याची पदवी कुठली, हे त्या गावात कोणी विचारत नाही. विचारतात ते हे. शिकायला लागायच्या आधी पोरानं वाडग्यात फुलं, उदबत्ती, मेणबत्ती आणि पांढरा रुमाल घालून गुरूपुढे जायचं, शिकवा म्हणायचं. मग गुरूनं त्याला गोलाकार टांगलेल्या घंटांच्या कड्यात बसवायचं, स्वतः मागे बसायचं, पोराच्या दोन्ही मुठी टिपऱ्यांसकट आपल्या मुठींत घ्यायच्या आणि गुरुवंदनेची पहिली ओळ तीनदा वाजवून घ्यायची. त्या गुरूचा हात त्याच्या गुरूनं धरलेला असतो, त्याचा त्याच्या. ही साखळी कुठपर्यंत जाते ते देवालाच ठाऊक, पण तिच्यात ज्याची कडी नाही तो वाजवू शकतो, शिकवू शकत नाही. ज्याचा हात धरलेला नाही त्यानं दुसऱ्याचा धरला तर दोघांचीही बोटं आखडतात म्हणे. बाजारातल्या एका चहावाल्याची मान वाकडी आहे, ती अशीच झाली असं सगळे सांगतात. चहावाला सांगतो ती मोटारसायकलवरून पडून झाली, पण त्याला कोण विचारतो.

छापखान्यानं सोमवारची मुदत दिली होती. रविवारी दुपारी नुअननं विचार केला, यात एवढं विचारण्यासारखं काय आहे? दर शनिवारी शाळेतल्या पोरांची रांग घेऊन ख्रू साययुत नदीपलीकडे ता चेमच्या घरी जायच्या. ता म्हणजे आजोबा. साऱ्या गावानं आजोबा म्हणावं असा तो म्हातारा, सात पिढ्यांच्या वादकांच्या घरातला. त्या रांगेत बावीस वर्षांपूर्वी नऊ वर्षांची नुअनसुद्धा होती. तिचा हात ता चेमनंच धरला होता. पुढे दोन वर्षांनी एका जत्रेत तिच्या हातून टिपरी सुटली, ती थेट पुढे बसलेल्या महंतांच्या मांडीत जाऊन पडली आणि नुअननं वाजवणं सोडलं ते कायमचं. पण ते असो. ख्रू साययुत ता चेमच्या शिष्या नाहीत तर दुसऱ्या कोणाच्या असणार?

तिनं लिहिलं: 'हात कोणी धरला – ख्रू चेम.' कच्चा मजकूर ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, तारखा कृपया तपासाव्यात. एक्केचाळीस अंगठे आले. गणिताच्या सरांनी एक स्वल्पविराम सुधारला. गॅस दोनदा तपासणाऱ्या बाईनं एवढी एकच ओळ एकदाही तपासली नाही.

मंगळवारी सकाळी ता चेमच्या नातीचा फोन आला. तिचं देवळासमोर शेवयांचं दुकान होतं आणि ती बोलत असताना मागे पळ्यांचा खणखणाट चालू होता. तिनं निरोप एका दमात सांगितला. ता परवा पायरीवरून घसरला, उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. पण गुरुवारच्या गुरुपूजेला येणार म्हणजे येणारच. मंत्र तोच वाचणार. नव्या पोरांचे हात मात्र त्याला धरता येणार नाहीत. "तर ता म्हणतो, काळजी करू नका. कागदावर लिहिलंयत ना साययुत माझी शिष्या आहे म्हणून, मी वाचून घेतलं. मग पोरांचे हात तीच धरेल."

"असं म्हणाले?" नुअननं विचारलं. "हसून म्हणाले की रागावून?"

"ताई, त्याचे दात नाहीत. त्याचं काय ते आम्हालाही कळत नाही," नात म्हणाली आणि शेवया उकळायला आल्या म्हणून फोन ठेवला.

ता चेमनं 'माझी शिष्या' असं म्हणायच्या आधी 'कागदावर लिहिलंय' का म्हटलं? आपल्या शिष्येचं नाव माणूस कागदावर वाचून सांगतो का? मग तिला आठवायला लागलं. दर वर्षी गुरुपूजेच्या वेळी मुलांचे हात धरायची पाळी आली की ख्रू साययुत कुठे असायच्या? स्वयंपाकघरात. नैवेद्याचं डुकराचं मुंडकं उतरवायचंय, केळीची पानं कमी पडली. शनिवारी ता चेमच्या घरी कुठे असायच्या? बाहेर, आंब्याच्या कुंपणाशी, मुलांच्या डब्यांवर राखण करत. नुअननं त्यांना आत बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

आणि गुरुवारी ज्या अकरा पोरांचे हात धरायचे होते त्यांत तिची आठ वर्षांची चोम्पू होती.

नवरा म्हणाला, फार विचार करू नकोस. हे वाक्य तो लग्न झाल्यापासून आठवड्यातून दोनदा म्हणत होता आणि त्याचा अजून एकदाही उपयोग झाला नव्हता. चोम्पूची बोटं मात्र नुअननं त्या दिवशी तीनदा उघड-मीट करून पाहिली. चोम्पू म्हणाली, "आई, मी काय खेकडा आहे का?"

बुधवारी दुपारी नुअन ख्रू साययुतच्या घरी गेली. त्या स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवसाच्या नैवेद्याची मोकेंग करत होत्या. अंडी, नारळाचं दूध आणि ताडगूळ हातानंच कुसकरत होत्या, बाजूच्या कढईत वर पसरायचा बारीक कांदा तळला जात होता. नुअननं बसायच्याही आधी सगळं सांगून टाकलं. मी न विचारता लिहिलं. माझी चूक. मी आत्ता ग्रुपवर लिहिते, मुद्रणदोष म्हणून.

ख्रू साययुतनी कांदा हलवला. तो सोनेरी झाला तेव्हा झाऱ्यानं काढला, कागदावर पसरला, गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "चूक तुझी. पण खोटं माझं आहे, नुअन. तू एकदा लिहिलंस. लोक चौतीस वर्षं तेच धरून चाललेत आणि मी कधी नाही म्हटलं नाही."

मग त्यांनी सांगितलं. संगीत गळ्यात पडलं तेव्हा त्यांना सा की रे हेही ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी मुलांना ता चेमकडे पाठवायला सुरुवात केली. मुलं आत शिकायची, या कुंपणाबाहेर उभ्या राहून ऐकायच्या. सोमवारी वर्गात त्या मुलांनाच विचारायच्या, काय शिकलात, दाखवा पाहू. मुलं दाखवायची, अगदी ऐटीत दाखवायची, आणि बाई त्यांच्याकडून शिकायच्या. चुकलेलं ऐकू यायचं, कारण शनिवारी बरोबर काय ते ऐकलेलं असायचं. पहिल्या वर्षी वाटलं, वाडगं घेऊन आत जावं. पण सव्विसाव्या वर्षी सात वर्षांच्या पोरांच्या रांगेत काय बसायचं? दुसऱ्या वर्षी त्यांची पोरं प्रांताच्या स्पर्धेत पहिली आली. आता बक्षीस घेतलेल्या बाईनं जाऊन सांगायचं की मला काही येत नाही, शिकवा? तिसऱ्या वर्षी त्याहून अवघड झालं. पुढे दर वर्षी थोडं थोडं.

"झगा शिवायला घेतला, घाईत बटणं लावायची राहिली," त्या म्हणाल्या. "हातानं गच्च धरून तसाच घालून बाहेर पडले. लोक म्हणाले, छान दिसतोय. मग हात सोडता येईना."

ख्रू साययुतनी तिच्याकडे रोखून पाहिलं. बावीस वर्षांपूर्वी वही न आणलेल्या पोरीकडे बघायच्या तसंच. "आणि चोम्पूला उद्या बसवू नका, हे सांगायला आलीस ना?"

आली होतीच त्यासाठी. निम्म्या रस्त्यात दोनदा वाक्य जुळवलं होतं, सर्दी झाली आहे असं.

"लाजू नकोस. मी तिची आई असते तर मीही नाही बसवली असती." त्या हसल्या, मग थांबल्या. "उद्या मी वाडगं घेऊन बसणार आहे. ख्रू चेमनी हात धरला तर ठीक. नाही म्हणाले तर पुस्तिकेत शिवणशिक्षिका एवढंच लिही. ते तरी खरं आहे. बाकीची चौतीस वर्षं खोड."

खोड म्हणे! तिची सगळी पानं, अग्निशमन दल, दवाखाना, मासेवाली, ती काय खोडायची? घरी जाताना तिच्या हातात मोकेंगचा डबा होता. वर कांदा जरा जास्तच होता, नुअनला आवडतो म्हणून.

गुरुवारी सकाळी शाळेचं सभागृह उदबत्त्यांनी भरून गेलं होतं. पायऱ्यांच्या मांडणीवर सगळी वाद्यं, मधोमध मोठा मृदंग, त्याला फुलांचा हार. केळीच्या पानांचे मनोरे, फळं, आणि डुकराचं मुंडकं, जे डोळे मिटून अगदी समाधानी दिसत होतं. ते मुंडकं आज दुसऱ्याच कोणीतरी आणून ठेवलं होतं, कारण ख्रू साययुत स्वयंपाकघरात नव्हत्या.

त्या रांगेत होत्या. पुढे गुडघ्यांवर बसलेली अकरा पोरं आणि त्यांच्या शेवटी, पांढऱ्या पोलक्यात, मांडीवर वाडगं धरून, साठीच्या ख्रू साययुत. त्यांच्या शेजारी चोम्पू. चोम्पूला नुअननं सकाळी हातात वाडगं दिलं होतं, का दिलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सर्दीचं वाक्य तयार होतंच, वेळ आली की ते वापरता येणार होतं.

"ख्रू," चोम्पू कुजबुजली, पण आठ वर्षांच्या मुलीची कुजबुज तीन ओळींना ऐकू जाते, "तुम्ही चुकून आमच्या रांगेत बसलात."

"चुकून नाही गं," ख्रू साययुत म्हणाल्या. "उशिरा बसले."

ता चेम पांढरी वस्त्रं नेसून आला. नातीनं त्याला एका बाजूनं धरलं होतं आणि प्लास्टरमधला हात तो राजदंडासारखा पुढे धरून चालत होता. सुतळीनं बांधलेला चष्मा लावून त्यानं मंत्र वाचला, सगळ्या गुरूंना बोलावलं, मृदंगाला गंध लावलं. यात बराच वेळ गेला. नुअनच्या पायाला मुंग्या आल्या पण तिनं पाय हलवला नाही. मग ता चेम चष्मा पुसून सभागृहाकडे वळला आणि म्हणाला, "आता पोरांचे हात धरायचे. कुठे आहे माझी शिष्या साययुत?"

माना रांगेकडे वळल्या.

"ख्रू," रांगेच्या टोकाकडून आवाज आला, बारीक पण स्वच्छ, "तशी कोणी इथे नाही. अजून झालेली नाही."

सभागृहात एक कुजबुज मागून पुढपर्यंत गेली. मुख्याध्यापकांनी नुअनकडे पाहिलं. नुअननं जमिनीकडे पाहिलं. ख्रू साययुत गुडघ्यांवरच पुढे सरकत म्हाताऱ्यापाशी गेल्या आणि वाडगं उचलून धरलं. सगळ्यांसमोर त्यांनी एवढंच सांगितलं की मी तुमची पोरं चौतीस वर्षं शिकवली, माझा हात कोणी धरलेला नाही, तुम्ही धराल का.

ता चेमनं वाडगं घेतलं नाही. चष्म्यावरून बघत राहिला.

"माझ्या कुंपणाबाहेर एक बाई उभी राहायची," तो म्हणाला. "आत पोरगं चुकलं की माझ्या आधी तीच जीभ वाजवायची, च्च म्हणून. दर शनिवारी. ती तूच ना?"

"मीच."

"मग आत का नाही आलीस?"

ख्रू साययुत आता जरा रागावल्या. "तुम्ही तरी कुठे बोलावलंत?"

"मी बोलवायचं नसतं. मागायला यायचं असतं. एवढं चौतीस वर्षांत तुला कुणी सांगितलं नाही?" म्हातारा नातीकडे वळला. "आणि हिला आंबे नेऊन देत जा म्हणायचो मी. कुंपणाबाहेर उभी राहून बाई वाळली, मी म्हटलं, आंब्याच्या निमित्तानं तरी फाटक उघडेल."

"दर उन्हाळ्यात दिले," नात म्हणाली. "तिनं दर उन्हाळ्यात बाहेरूनच आभार मानले."

मागच्या ओळीतून कुणीतरी फसकन हसलं. मग बरेच जण हसले. ता चेमनं डाव्या हातानं वाडगं घेतलं.

घंटांचं कडं मधोमध आणलं. वेताच्या गोल चौकटीत टांगलेल्या सोळा घंटा, मागे आत शिरायला फट. ख्रू साययुत आत जाऊन बसल्या. ता चेम मागे बसला, डावा हात पुढे केला, उजवा प्लास्टरमधला पुढे करून पाहिला आणि तो घंटेवर आपटून मोठा टण्ण आवाज झाला.

"हा नाही चालायचा," तो म्हणाला.

ख्रू साययुत म्हणाल्या, मग पुढच्या वर्षी बघू.

"पुढच्या वर्षी तू निवृत्त. मी कदाचित तुझ्याहून जास्त निवृत्त." त्यानं मान वर केली. "हा कागद लिहिणारी कोण?"

नातीनं बोट दाखवलं. एवढ्या माणसांत तिला एवढं एकच बोट दाखवायचं होतं, आणि ते तिनं अगदी सरळ दाखवलं. नुअन उभी राहिली.

"तुला ओळखलं," ता चेम म्हणाला. "टिपरी सुटेल या भीतीनं इतकी गच्च धरायचीस की तुझा हात धरून माझीच बोटं दुखली होती. मग शेवटी सोडलीस ती महंतांच्या मांडीत." पुन्हा हशा. "तुझा उजवा हात मी धरलेला आहे. तो माझाच समज. ये. जे लिहिलंस ते आता खरं कर."

नुअनला 'मला येत नाही' म्हणायचं होतं, वीस वर्षं झाली म्हणायचं होतं, नक्की किती वाजता असंसुद्धा विचारायचं होतं. पण ती जाऊन फटीतून आत शिरली. कडं एका माणसापुरतं असतं, त्यात आता एक बसलेली आणि दोघं तिच्यावर ओणवलेली, डावीकडून म्हातारा, उजवीकडून नुअन. तिनं आपल्या बाईंची मूठ आपल्या मुठीत घेतली. बोटांची टोकं सुईनं खरखरीत झालेली होती. त्या बोटांनीच कधीकाळी तिची वेणी घातली होती, स्पर्धेच्या दिवशी, कारण आईनं घातलेली सुटली होती.

पहिल्यांदा सगळं वाईट झालं. नुअननं मूठ इतकी आवळली की घंटा वाजायच्याऐवजी ठपठप झाल्या. ख्रू साययुतनी, गुरूपुढे शिष्या म्हणून बसलेल्या असतानाही, जीभ वाजवली. च्च.

"बघा," ता चेम म्हणाला. "तीच बाई."

"दोरा ओढू नकोस," ख्रू साययुत नुअनला हळूच म्हणाल्या. "नुसता धर."

दुसऱ्यांदा नुअननं नुसता धरला. आणि मग तिच्या लक्षात आलं की ती वाजवत नाहीये, ख्रू साययुतही नाही. हात आपापला चालला होता, खालच्या घंटेकडून वर, डावा थांबला की उजवा, कुठून कुठे जायचं ते त्याला ठाऊक होतं. वीस वर्षं तिनं जे विसरल्याची खात्री केली होती ते मनगटात तसंच घडी घालून ठेवलेलं होतं. तिसऱ्यांदा ओळ संपली तेव्हा शेवट उघडा राहिला नाही, नीट दुमडला गेला. ता चेमनं डावा हात ख्रू साययुतच्या डोक्यावर ठेवला आणि ओठ हलवून काहीतरी म्हटलं. ख्रू साययुतनी पांढऱ्या पोलक्याच्या बाहीला डोळे पुसले. मग रुमाल वाडग्यातच राहिला म्हणून स्वतःवरच चिडल्या.

"आता ऊठ," म्हातारा त्यांना म्हणाला. "बाहेर अकरा पोरं वाट बघतायत. मला भूक लागली आहे."

सुरुवात रांगेच्या टोकाकडून झाली, म्हणून पहिली चोम्पू. ती वाडगं घेऊन पुढे आली आणि आईकडे बघून थांबली. त्या क्षणी नुअनला सर्दीचं वाक्य आठवलं. ते आता दुसऱ्याच कुणीतरी जुळवल्यासारखं वाटलं. तिनं मान हलवली. चोम्पू कड्यात जाऊन बसली, ख्रू साययुत तिच्या मागे बसल्या, दोन लहान मुठी दोन खरखरीत मुठींत गेल्या आणि ओळ सुरू झाली. नुअननं बोटं आखडतात का ते बघितलं नाही. म्हणजे एकदा बघितलं. दोनदा नाही.

सगळं आटपून मंडळी जेवायला बसली तेव्हा चोम्पू डुकराच्या कानाचा तुकडा चावत येऊन म्हणाली, "आई, ख्रूंचा उजवा हात केवढा घामट होता!"

"तो घाम माझा होता," नुअन म्हणाली.

पुस्तिकेची मुदत छापखान्यानं कुरकुरत शुक्रवारवर नेली होती. नुअननं सुधारलेलं पान पाठवलं आणि अर्ध्या तासात छापखान्याचा फोन आला. पलीकडचा माणूस चांगल्या मनाचा होता, पूर्वी एकदा तिनं त्याच्या तीन चुका काढल्या होत्या, तेव्हापासून तो तिच्याशी जपून बोलायचा. म्हणाला, बाई, गणिताच्या सरांचं ठीक आहे, पण या ख्रू साययुतच्या पानावर गडबड दिसतेय. 'हात कोणी धरला' तिथे तुम्ही दोन नावं दिलीत. डावा: ख्रू चेम. उजवा: नुअन, माजी विद्यार्थिनी. आणि तारीख कालची आहे. चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाचा हात काल कसा धरतील? वर्ष तरी चुकलंय. एकदा तपासून बघता का?

"नको," नुअन म्हणाली. "छापा."

मग त्यानं विचारलं, नक्की ना?

नुअननं गॅसकडे पाहिलं. बंद होता. शेजारी मोकेंगचा डबा उघडा होता, त्यात एकच वडी उरली होती, वरचा कांदा चोम्पूनं वेचून खाल्लेला. "नक्की," ती म्हणाली आणि ती वडी तोंडात टाकली.